ऋण कुणी फेडायचं?

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली आणि ती लागू पडली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव घेऊन आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तशीच दंडावरून दंडावर लस देशभर पसरली. पुढच्याच वर्षी स्पेनहून एक जहाज निघालं. लस जिवंत राहावी म्हणून त्यात बावीस अनाथ मुलं होती. प्रवासभर एकाच्या अंगातून ती दुसऱ्याच्या अंगात जात राहिली. या लेकरांना कुणी विचारलं नव्हतं. देवी जगातून गेली, त्यासाठी त्यांचंही ऋण आपल्यावर आहे.

मी हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना कोविडवरची कोव्हॅक्सिन लस मिळू लागली. पालकसभेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती: घरात आजी-आजोबा आहेत, त्यांनी तुम्हाला वाढवलं, त्यांच्यासाठी घ्या. नंतर नववीतल्या एका मुलाने मला गाठलं. "बाई, आम्हाला या आजाराचा धोका कमी आहे म्हणतात. मग हे आजोबांचं ऋण आहे का माझ्यावर?"

मी श्राद्धपक्ष मनापासून पाळते, म्हणून हा प्रश्न मला सोडवेना. माणूस देव, ऋषी आणि पितरांचं ऋण घेऊन जन्मतो, असं आपली परंपरा मानते. पण पितृऋण फिटतं कशाने? मुलं जन्माला घालून, त्यांना वाढवून. म्हणजे मागच्यांचं देणं पुढच्यांना द्यायचं असतं. पंधरा वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवून 'तू फेड' म्हणणं हे मला त्या विचाराच्या उलट वाटतं. देणेकरी आपण आहोत.

मी लसीच्या विरोधात नाही. माझ्या मुलीला पहिल्याच आठवड्यात घेऊन गेले, पण तिच्यासाठी. मुलांमध्ये आजार क्वचितच बळावतो, तरी काहींना काही आठवड्यांनी सर्वांगाला सूज आणणारा त्रास झाला, हृदयापर्यंत गेला. शिवाय शाळा. आमच्याकडे गावातले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, तोवर वर्गातली काही मुलं कामाला लागली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की निरोगी बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना लसीचा फायदा धोक्यापेक्षा जेमतेमच जास्त आहे, केवळ आरोग्यासाठी सरसकट शिफारस करता येत नाही. मग तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बुडणारी शाळा हिशेबात धरून शिफारस केली. हा हिशेब मला पटतो, कारण तो मुलाचाच आहे.

मग मुलाने दुसऱ्यासाठी काहीच करू नये का? करावं. गोवर-रुबेलाची लस मुलग्यांनाही देतात, आणि रुबेलाचं खरं संकट तर गर्भातल्या बाळावर असतं. नऊ महिन्यांच्या तान्ह्याच्या वतीने आईबाप ठरवतात, तिथे दुसरा मार्ग नाही. पण पंधरा वर्षांचा मुलगा स्वतः दान करू शकतो. त्यासाठी आपण काय देतो आहोत, हे त्याला ठाऊक हवं.

म्हणून त्या मुलाला सगळं सांगितलं. ताप येईल, दंड दुखेल. तुला धोका कमी आहे, पण अगदीच नाही असं नाही. आजोबांना संसर्ग होण्याची शक्यता कमी होईल, खात्री मात्र नाही. तो म्हणाला, शनिवारी कबड्डीचा सामना आहे, सोमवारी घेतो. घेतली.

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. मुलांच्या लसीचं धोरण न्यायालयाने योग्य मानलं, पण मुलांवरच्या चाचण्यांचे मुख्य निष्कर्ष लवकरात लवकर लोकांसमोर ठेवा, असंही बजावलं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ही बातमी मी दहावीच्या वर्गात वाचली. सक्तीबद्दल कुणी काही विचारलं नाही. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, ते निष्कर्ष मराठीत मिळतील का?"