हायपो न लावलेली पावती

देवनार गावात एक तरुण फोटोग्राफर राहतो. साखरपुडे, लग्नं, बारशी ही त्याची कमाई. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा दीक्षान्त समारंभ आला की गाऊन घातलेली मुलं आईवडिलांसह त्याच्यासमोर उभी राहतात. मधूनमधून एखाद्या कंपनीच्या कार्यक्रमाचं कामही मिळतं. तुळशीचं लग्न लागलं की जूनपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसते. चातुर्मासात मात्र कॅमेरा कपाटात असतो.

कामाला तो चोख. लग्नाहून रात्री दोन वाजता परतला तरी कार्डातले फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय अंग टाकत नसे. एका नवरीचे फोटो हरवले तर ते पुन्हा काढता येत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पावत्या मात्र कॅमेऱ्याच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबायचा.

२०२४ च्या जुलैत तो चेंबूरच्या एका सीएकडे गेला. वर्षभरात खात्यावर तेरा लाख जमा झाले होते. मदतनीसांची मजुरी, अल्बमची छपाई, ड्रोनचं भाडं, पेट्रोल, कॅमेऱ्याचा वर्षाला १५ टक्के घसारा असं सगळं धरून खर्च पाच लाखांचा होता. "कागद दाखव," सीए म्हणाले. त्याने कप्पा टेबलावर उलटा केला. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या कोऱ्या पांढऱ्या होत्या. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाने, घामाने उडून गेली होती. मदतनीसांना रोख दिलेल्या पैशांची तर कुठेच नोंद नव्हती आणि कॅमेऱ्याचं बिल हरवलं होतं.

जेमतेम एक लाखाचा खर्च सिद्ध झाला. उत्पन्न धरलं गेलं बारा लाख. नव्या करप्रणालीच्या त्या वर्षीच्या दरांनी, उपकरासह, कर झाला ९३,६०० रुपये. कागद पुरे असते तर उत्पन्न आठ लाख आणि कर ३६,४०० झाला असता. कंपनीने टीडीएस म्हणून कापलेले २४,००० रुपये बुडाले, असं तो समजून चालला होता. ते त्याच्याच पॅनवर, फॉर्म २६ एएसमध्ये, जमा होते. तेवढाच दिलासा. वर आगाऊ कर न भरल्याचं महिन्याला एक टक्का व्याज.

कलाकाराला हिशेब विचारणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. मला ते कधीच पटलेलं नाही. या पोराने रात्री जागून कमावलेले पैसे निव्वळ कागदाअभावी गेले, याचं वाईट वाटतं.

तो काकांकडे गेला. गोवंडी स्टेशनजवळ पूर्वी काकांचा स्टुडिओ होता. तिथल्या लाल दिव्याच्या खोलीत तो लहानपणी आधी डेव्हलपरच्या, मग फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या ट्रेमधला कागद हलवत उभा राहायचा. काकांनी पांढरी चिठ्ठी उजेडात धरली.

"हिला हायपो लावला नाहीस."

"काका, ही पेट्रोल पंपाची पावती आहे."

"माहीत आहे. डेव्हलपरमध्ये फोटो उमटला की तू उड्या मारायचास. पण हायपोतून काढल्याशिवाय कागद उजेडात नेला तर काय व्हायचं?"

"काळा पडायचा."

"ही पांढरी पडली, एवढाच फरक. उमटलेलं टिकवायचं कामही त्याच रात्रीचं असतं रे."

मग काकांनी माळ्यावरून जुनी वही काढली. रोलचा नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, निगेटिव्हची पाकिटं, सगळं ओळीने लिहिलेलं. बारा वर्षांनी कुणी आईचा फोटो मागायला आलं, तरी काका पाच मिनिटांत निगेटिव्ह काढून द्यायचे. वही मिटताना त्यांनी विचारलं, "तू पार्टीकडून अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख देतोस का?"

"नाही."

"मग सरकार मागतं तेव्हा राग कशाला?"

त्या रात्रीपासून प्रत्येक पावतीचा त्याच दिवशी फोटो निघू लागला. आयुष्यभर फोटो काढणाऱ्या माणसाने पावतीचा फोटो कधी काढला नव्हता! मदतनीसांचे पैसे यूपीआयने जाऊ लागले. जमा होणाऱ्या प्रत्येक दहा रुपयांतला एक वेगळ्या खात्यात. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा भरायचा, हे त्याने कपाटाच्या दारावर लिहून ठेवलं. राज्याच्या व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० रुपयेही त्याखाली. जमा वीस लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी नोंदणी, हे सर्वांत शेवटी.

सप्टेंबरचा हप्ता ऐन चातुर्मासात आला. हातात एकही लग्न नव्हतं. पैसे वेगळ्या खात्यात होते, त्यातून भरला.

२०२५ च्या १५ मार्चला उरलेला करही तिथूनच गेला. त्या रात्री त्याने दोन फोल्डर उतरवले. एकात १,१४२ फोटो होते आणि शेजारच्यात तीन पावत्या: पेट्रोल, अल्बम, मदतनीसाचं जेवण.