लाल नऊपाशी

बसा. सकाळचा उजेड तिरका येतो त्या खिडकीजवळ.

समोर मऊ सुती कापड अंथरा. त्यावर एक जुनं पिस्तूल ठेवलेलं आहे. खरोखरचं समोर नसेल तरी चालेल. मनात ठेवा.

आधी ते रिकामं असल्याची खात्री करा. नळी भिंतीकडे. मग हात मांडीवर.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

हे माउझर सी-९६. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ या जर्मन गावातलं. तिथली शस्त्रशाळा १८११ साली ऑगस्टिनियन साधूंच्या जुन्या मठात सुरू झाली होती. मठाच्या जाड भिंती क्षणभर डोळ्यांपुढे आणा. आणि जाऊ द्या.

आता फक्त मूठ बघा.

गोलसर, बारीक मूठ. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तिला झाडूच्या दांड्याचं नाव दिलं. आपण खराट्याचा दांडा म्हटलं असतं. दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या लाकडाचे पट्टे, त्यांवर आडव्या खाचा. आणि खाचांच्या वरून, भला मोठा, कोरलेला नऊचा आकडा.

लाल.

हा आपल्या वळणाचा नऊ नाही. याचं डोकं गोल आणि मिटलेलं आहे, शेपूट खाली वळली आहे. त्या वळणावरून नजर सावकाश फिरवा. पुन्हा एकदा फिरवा.

१९१६ साली प्रशियन लष्कराने अशी दीड लाख पिस्तुलं मागवली, ९ मिलिमीटरच्या काडतुसाची. याच रूपाची आधीची पिस्तुलं ७.६३ मिलिमीटरची. घाईत कुणी भलतंच काडतूस भरू नये म्हणून लाकडात आकडा कोरला आणि त्यात लाल रंग भरला. कुणा अनोळखी हाताची ही काळजी.

त्या काळजीपाशी थांबा.

आता आकड्याची कड बघा. फार जवळून. भिंग असेल तर भिंगातून.

जुना काप असेल तर कड मवाळ झालेली असते. वरचा मळ कडेवरून आत उतरलेला असतो, जिन्याच्या पायरीवरून धूळ उतरते तसा. नवा काप असेल तर कड बोटाला टोचते, आणि लालाखाली कोवळं, फिकट लाकूड दिसतं. लाल नऊला किंमत जास्त येते, म्हणून साध्या मुठींवरही नंतर नऊ कोरले गेले आहेत.

घाई नको. निर्णय आत्ताच द्यायचा नाही. बघत राहा.

रंग कुठे उरला आहे? कोपऱ्यांत. तळाशी. शेपटीच्या आतल्या वळणात. वरच्या कडांवरून तो पुसला गेला आहे. सगळीकडे सारखाच भडक लाल दिसत असेल तर तिथे जरा जास्त वेळ थांबा.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

आता तळवा मुठीच्या शेजारी, हवेत धरा. टेकवू नका. तुमच्या तळव्याचा मांसल भाग कुठे आला असता? तिथल्या खाचांचे उंचवटे चपटे झालेत का? आणि स्क्रूच्या आसपास, जिथे हात क्वचितच पोचतो, तिथे ते अजून धारदार आहेत का? खरी झीज बघितली की तिच्यातून एक हात दिसू लागतो.

शेजारचं लोखंड बघा. त्याच जागी त्याचाही निळसर मुलामा विरळ झाला असेल, तपकिरी पडला असेल. लोखंड पार घासलेलं आणि लाकूड मात्र कोरंकरकरीत, असं असेल तर ही दोघं एका घरात नांदलेली नाहीत.

कुणाचा हात असेल? कळणार नाही. याच घडणीची पन्नास पिस्तुलं २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पळवली. त्यांच्या मुठींवर लाल नऊ नव्हता. तो अजून यायचा होता. पण अक्रोड तोच, खाचा तशाच, आणि त्या धरणारे हात आपल्याकडचे.

त्या हातांसाठी थोडा वेळ गप्प राहा.

मग लाकूड आणि लोखंड मिळतात ती शीव बघा. लाकूड शंभर वर्षं वाळत आलं आहे, नसांच्या आडवं आक्रसत आलं आहे. म्हणून केसाएवढी फट असते. तशी फट असू द्या. पण कड गोल झालेली दिसली, खाचा उथळ वाटल्या, तर कुणीतरी पॉलिश पेपर मारला आहे. घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बहुतेकदा ते प्रेमानेच केलेलं असतं.

आता एकच स्क्रू. तो दोन्ही पट्टे धरून आहे. खाचेत नेमका बसणारा पेचकस घ्या. हलका दाब. सावकाश.

पट्टा सुटत नसेल तर कडेत टोक घालून उचकटू नका. थांबा. त्याला वेळ द्या.

सुटला? उलटा करा. वास घ्या.

जुन्या तेलाचा वास. आतलं लाकूड बाहेरच्याहून उजळ आहे, त्याने ऊन पाहिलेलं नाही. लोखंड टेकत होतं तिथे तेलाचा डाग. कुठे ओल शिरली असेल तिथे काळा व्रण, लाकडातलं टॅनिन लोखंडाला भेटल्याचा. आतबाहेर एकच गडद रंग असेल तर तो बहुधा बाटलीतून आला आहे.

आता काळजी घेऊ. ती फार थोडी आहे.

मऊ, कोरडा ब्रश घ्या. खाचेच्या दिशेनेच फिरवा. एक खाच. मग दुसरी. सुटी धूळ तेवढी निघेल. मुरलेला मळ राहू द्या, तो या लाकडाचाच झाला आहे.

पाणी नको. जवसाचं तेलही नको, ते चिकट होतं, वर्षागणिक काळं पडतं. लोखंडाला लावायचं तेल लाकडापासून दूर ठेवा, त्याने लाकूड मऊ पडतं. फार तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघा.

आणि उडालेला लाल रंग पुन्हा भरू नका. हात शिवशिवतील. शिवशिवू द्या. त्यांच्याकडेही असंच बघा.

पट्टा जागेवर बसवा. स्क्रू फिरवा. तो अडेल तिथे थांबा.

ब्रश खाली ठेवा.

उजेड सरकला आहे. आता तो नऊच्या शेपटीवर आहे, जिथे थोडा रंग उरला आहे तिथे.