दूध वर येईपर्यंत

आज डोळे मिटायचे नाहीत. मांडी घालायची नाही, पाठही मुद्दाम ताठ करायची नाही. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवा, आच मध्यम करा आणि त्याच्यापाशी उभे राहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत असू द्या.

सुरुवातीला काहीच होत नाही. तेच जरा नीट बघा. दूध सपाट, निर्विकार. कडेला एखादा बुडबुडा येतो आणि विरतो.

आता मनाकडे बघा. त्याला लगेच कामं सुचू लागली असतील. तेवढ्यात कोथिंबीर निवडून होईल. तेवढ्यात वाळत घातलेले कपडे काढून येता येईल. वर्षभर न आठवलेला विम्याचा हप्ता नेमका याच वेळी आठवेल. या विचारांना हाकलू नका, त्यांच्याशी वादही घालू नका. फक्त एवढं ओळखा, की ते सगळे तुम्हाला ओट्यापासून दूर न्यायला आले आहेत.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा. परत दुधाकडे या.

गंमत म्हणजे पिशवीतलं हे दूध एकदा तापून आलेलं आहे. पाश्चरीकरणात ते साधारण 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद ठेवतात आणि लगेच गार करतात. तरी आपण ते घरी आणून पुन्हा तापवतो, कारण न तापवलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवलंय हे ऐकल्यावर आईचा चेहरा कसा होईल, ते आपल्याला माहीत असतं. विज्ञान एकीकडे, आईचा चेहरा एकीकडे. या क्षणी आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत, ते बघा आणि मनातल्या मनात मान्य करून टाका.

आता दुधावर पातळ पापुद्रा धरू लागला असेल. पाण्यातला बुडबुडा वर येतो आणि फुटून जातो. दुधातला तसा सहजासहजी फुटत नाही. दुधातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. वर साय धरलेली, खाली वाफ कोंडलेली, आणि न फुटणारे बुडबुडे एकावर एक चढत जातात. म्हणून इतका वेळ ढिम्म बसलेलं दूध शेवटच्या काही सेकंदांत उसळून वर येतं. ते तुमची पाठ वळायची वाट बघत नसतं. त्याला तुमची पाठ ठाऊकच नाही.

हे वाक्य जरा घोळवा. त्याला तुमची पाठ ठाऊकच नाही.

दूध वर यायला लागलं की गॅस बंद करा. आणि आता मागच्या वेळचा प्रसंग आठवा, दूध उतू गेलं तेव्हाचा. चर्र आवाज. करपल्याचा वास. तुम्ही धावत आलात आणि सगळ्यात आधी काय केलंत? फुंकर मारलीत. गॅसचं बटण हाताशी होतं, तरी आधी फुंकर. मग बटण. मग बर्नरमध्ये शिरलेलं दूध, ओट्यावरून ओघळून शेगडीखाली गेलेलं दूध, आणि त्यावर घरात बसलेलं न्यायालय. ‘कोणी ठेवलं होतं?’ ‘मला वाटलं, तू आहेस.’ ‘मी आत्ता, या मिनिटापर्यंत इथेच होते!’

ती चिडचिड अंगात कुठे होती, ते आठवून बघा. जबड्यात? कपाळावर? की फडकं पिळणाऱ्या मुठीत? तिला तिथेच राहू द्या. आता त्या फुंकर मारणाऱ्या माणसाकडे दाराशी उभं राहून बघा. एवढा शिकलेला, संसार चालवणारा माणूस गाल फुगवून पातेल्याशी भांडतोय. ओठांचे कोपरे जरा हलले, तर हलू द्या. नाही हलले तरी चालेल.

आता ओट्यावरून अंगणात या. माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमीची सकाळ. उन्हात गोवऱ्या पेटवल्या आहेत, त्यांवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं आहे, आणि ते उतू जावं म्हणून घरचे सगळे भोवती उभे आहेत. ते कोणत्या दिशेला ओसंडतं, याकडेही काही घरांत लक्ष असतं. ते उतू गेलं की सगळे सूर्याला हात जोडतात. ‘लक्ष कुठे होतं?’ असं कोणी विचारत नाही.

दूध तेच. उसळण्याचं कारणही तेच. एका सकाळी तो सण आणि एरवी संकट. आपण काय ठरवून पातेल्यापाशी उभे होतो, तेवढाच फरक. ठरवलेलं आणि घडलेलं यांच्या मध्ये जी फट पडते, तिच्यातून राग येतो. थोडं थांबलं, तर तिथूनच हसूही येतं.

विनोदी लेखक चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवत. बौद्ध वाङ्मयाचा त्यांचा अभ्यास होता. त्याच माणसाने चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही विनोदी पात्रं लिहिली. साधा बेत आखावा आणि तो अंगाशी यावा, हा चिमणरावांचा नित्यक्रम. आणि ती फजिती ते स्वतःच्या तोंडाने, कोणावर न चिडता सांगतात. एका टेबलावर चित्ताचा विचार आणि शेजारी ही फजिती, हे मला मुळीच विजोड वाटत नाही. दोन्हीकडे माणूस स्वतःकडे जरा लांबून बघायला शिकतो.

इथे एक सावधगिरी. महिनाअखेरीला मोजून आणलेलं अर्धा लिटर सांडलं, तर ते हसण्यावारी न्यायचं नसतं. आणि रोज दूध एकजण ठेवणार, ओटा तोच पुसणार आणि बाकीचे ‘त्यात काय एवढं’ म्हणून हसणार, हा विनोद नव्हे. ही त्या घरची सवय झाली, आणि वाईट सवय. तुमच्या घरात हसणारे कोण आणि पुसणारं कोण, याचा क्षणभर विचार करा. उत्तर अवघड वाटलं, तरी त्यापाशी थोडं थांबा.

पातेल्यातलं दूध एव्हाना निवत आलं असेल. त्यावर जाड साय धरेल. पातेलं रिकामं झालं की तळाची खरवड कोणाची, यावर पुन्हा भांडण होईल. ते होऊ द्या. ती खरवड करपट, किंचित गोड लागते, आणि भांडून मिळाली तर जास्तच गोड.

पुढच्या वेळी दूध उतू गेलं, की एवढाच नियम पाळून बघा. ज्याच्या हातात फडकं, त्याने आधी हसायचं. बाकीच्यांनी हसण्याआधी दुसरं फडकं शोधायचं.