कच्चं कोण, हे कुणी ठरवायचं?

गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारा घन भाग, लागतं, हे आमच्या आष्टी तालुक्यात शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागं पैसे कापतात. जुलै २०२३ मध्ये सरकारनं या प्रतीला किमान ३४ रुपये भाव सांगितला. २०२४ च्या सुरुवातीला लिटरला ५ रुपये अनुदान आलं, ते ३.२ आणि ८.३ धरून. त्याच वर्षी पावसाळ्यात पुन्हा ३.५ आणि ८.५. गाय तीच, वैरण तीच, धार काढणारे हात तेच. मग हिवाळ्यात पुरं असलेलं दूध पावसाळ्यात उणं ठरलं, ते उणेपण दुधातलं की दराच्या तक्त्यातलं?

मी गोठा सांभाळते आणि सप्ताहात पारायणाला बसते. हा प्रश्न मला दोन्हीकडं भेटतो.

पूर्वी डेअरीत काचेच्या नळीत गंधकाचं आम्ल घालायचे, वर मोजून १०.७५ मिली दूध, मग थोडं अमाइल अल्कोहोल. नळी यंत्रात गरगर फिरवली की फॅटचा पिवळसर थर वर यायचा आणि तो नळीवरच्या रेघांवर वाचायचा. वाचणारा वाकून बघायचा, दूध घालणाराही वाकून बघायचा. गर्बर नावाच्या स्विस माणसाची ही रीत एकोणिसाव्या शतकातली. आता बाटलीतला नमुना मशीनच्या नळीखाली धरतात, मिनिटभरात आकडे येतात, पावती निघते. काम झटपट होतं, पण आकडा तेवढा दिसतो, फॅट दिसत नाही. एसएनएफ तर लॅक्टोमीटरवर काढलं तरी हिशेबानंच निघायचं: वाचनाचा चौथा हिस्सा, त्यात फॅटचा काही अंश, आणि शेवटी मिळवायची एक ठरलेली रक्कम. ही शेवटची रक्कम सगळीकडं एकच नसते. एकाच धारेचं दूध मी दोन केंद्रांवर दाखवलं, तर एकीकडं ८.४ आलं, दुसरीकडं ८.१. खरं कुठलं, ते कुणी सांगितलं नाही.

गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाकांची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तेरला संतमंडळी जमली. कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं, ते बघा, असं मुक्ताईनं सांगितलं आणि काकांनी मडकी ठोकायचं थापटणं उचलून एकेकाच्या डोक्यावर मारलं. नामदेव चिडले, आणि कच्चे ठरले. कीर्तनात ही कथा नेहमी नामदेवांच्या अहंकारावर येऊन थांबते. मला मात्र गोरोबाकाकांकडंच बघत राहावंसं वाटतं. थापटणं एकच होतं. सगळ्यांच्या देखत मारलं. नामदेव कच्चे ठरल्यानं काकांच्या पदरात काही पडणार नव्हतं, उलट ज्याच्याशी विठ्ठल बोलतो असं सगळे म्हणत होते, त्यालाच कच्चा म्हणायचं होतं. आणि कच्चं म्हटल्यावर वाट बंद झाली नाही. नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले आणि पक्के होऊन आले. परीक्षेला परीक्षा म्हणायचं ते एवढं सगळं असेल तेव्हा.

दुधासारखाच प्रतीच्या आकड्यावर भाव ठरणारा एक बाजार अमेरिकेत आहे, खेळाडूंच्या छापील चित्रांचा, म्हणजे कार्डांचा. १९९१ पासून तिथली एक मोठी कंपनी कार्ड तपासून १ ते १० गुण देते आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देते. कोपरे, कडा, छपाई मधोमध आहे का, सगळं बघतात. एका गुणाच्या फरकानं किंमत कैक पटींनी बदलते. जुने संग्राहक म्हणतात, पूर्वी ज्याला ९ मिळाले त्याला आज ८ मिळतील. त्या कंपनीनं पहिल्यांदा गुण दिलेलं कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, त्याला ८ मिळाले होते. पुढं २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या व्यापाऱ्यानं कबूल केलं की त्याच कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. कागद कापलेला, डबीवरचा आकडा मात्र शाबूत. तिथंही लोकांना मला पडतो तोच प्रश्न पडला असणार.

माप बदलूच नये, असं मी म्हणणार नाही. बडव्यांच्या, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांच्या, काळातलं पंढरपूरचं माप भक्तीचं नव्हतंच, जन्माचं होतं. त्या मापानं चोखोबा दाराबाहेर राहिले, आणि त्यांची समाधीही महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशीच आहे. ते माप मोडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. चोखोबा गेले १३३८ साली. सहाशे वर्षांनी दार उघडलं, ते त्यांच्यासाठी उघडलं नाही. जुन्या मापानं ज्यांना बाहेर ठेवलं त्यांचं देणं नवं माप फेडत नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

दुधाच्या बाबतीत मला दया नको. २०१९ च्या दुष्काळात आमच्या तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या. जनावरं उसाच्या वाढ्यावर उभी होती. तेव्हा दूध उतरलं असेल तर उतरलं म्हणावं. फॅट कमी असताना जास्त दाखवणं हाही अधर्मच. दुष्काळाची मदत सरकारनं वेगळी करावी, आकड्यात लपवून नको. पण ज्याच्या हातात थापटणं आहे, त्यालाच मडकं कच्चं निघाल्यावर स्वस्तात मिळत असेल, तर त्या थापटण्याला गोरोबाकाकांचं थापटणं म्हणता येणार नाही. इथं दूध विकत घेणाराच तक्ता ठरवतो, मशीन त्याचीच, कपातही त्याच्याच खिशात. माणूस प्रामाणिक असला तरी ही रचना अप्रामाणिक आहे.

म्हणून दूध संघांना, खासगी डेअऱ्यांना आणि सरकारला माझं मागणं आहे. तक्ता बदलायचा असेल तर आधी केंद्रावर लावा, दूध घेतल्यावर नको. मशीनची तपासणी वजनमापे खात्याकडून ठरलेल्या मुदतीत करून घ्या आणि तिचा दाखला मशीनशेजारी टांगा. आणि प्रत्येक नमुन्याची दुसरी बाटली सील करून शेतकऱ्याकडं द्या, म्हणजे त्याला ती दुसरीकडं तपासून घेता येईल.