आठवण कुणाची अमानत?

यंत्रमागाच्या गावातल्या उर्दू शाळेत आम्ही शिकवतो. रंगपेटी सगळ्यांनाच परवडत नाही, म्हणून एकदा आठवीच्या वर्गाला सांगितले, "घरातले काही जुने आणा, ते चिकटवून घराचे चित्र करा." मुलांनी सूत, लग्नपत्रिका, बांगड्यांचे तुकडे आणले. एका मुलीने उर्दू पत्र कापून घराचे छप्पर केले. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले आणि चित्र भिंतीवर लावले.

दुसऱ्या दिवशी तिची दादी आली. पत्र तिच्या मरहूम शौहरने सौदीहून पाठवलेले. ती रागावली नाही. छपरावर बोट ठेवून एवढेच म्हणाली, "मास्टरसाब, मला विचारायचं तरी."

चित्रात वस्तू चिकटवणे नवे नाही. पिकासोने १९१२ साली चित्रात मेणकापड आणि दोर वापरला. आपल्या घरची गोधडीही जुन्या लुगड्यांचीच असते. पण लुगडे फाडणारी बाई बहुधा ते स्वतः नेसलेली असते. कात्री आणि आठवण एकाच हातात असते. आमच्या वर्गात कात्री नातीची होती, आठवण दादीची आणि हुकूम आमचा.

अलीगढला जन्मलेल्या चित्रकार झरीना यांनी २००४ साली 'लेटर्स फ्रॉम होम' ही मुद्राचित्रे केली. बहिणीने त्यांना लिहिलेली, पण टपालात न टाकलेली उर्दू पत्रे त्यांनी घरांच्या नकाशांसोबत छापली. ती पत्रे त्यांच्यासाठीच लिहिलेली होती.

कुणी म्हणेल, दादाजान नातीचेही होते. खरे आहे. आठवणीवर तिचा हक्क होताच. पण कागद अमानत होता, आणि अमानतीत हात घालण्याआधी इजाजत लागते. त्याहून मोठी चूक आमची. ते नऊ गुण आम्ही कशाला दिले? मांडणीला की एका घराच्या दुःखाला? दुःखाला गुण मिळतात हे कळले, की मुले दुःख शोधून आणू लागतात.

आता आम्ही आधी विचारायला सांगतो. कागद असेल तर झेरॉक्स चालते. गुण फक्त हाताच्या कामाला. यंदा एका मुलाने चित्रात एक चौकोन कोराच ठेवला. म्हणाला, "हे अब्बांचं आहे, सांगणार नाही." आम्ही पुढे विचारले नाही.

ते पत्र आम्ही पाण्याच्या बोळ्याने सोडवून परत केले. दोन ओळी मात्र डिंकातच राहिल्या.