स्वत्व आणि डीव्हीडीचा प्रदेश-संकेत

डीव्हीडीवर चित्रपटाबरोबर एक लहानशी नोंद असते: ही तबकडी जगाच्या कोणत्या भागात चालावी. १९९६ साली जपानात डीव्हीडी विक्रीला आली, आणि या व्यवस्थेत सारे जग सहा प्रदेशांत वाटले गेले. अमेरिका आणि कॅनडा पहिल्यात, युरोप आणि जपान दुसऱ्यात, आग्नेय आशिया तिसऱ्यात, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका चौथ्यात, चीन सहाव्यात. भारताची गणना रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याचशा भागाबरोबर पाचव्यात झाली. सातवा क्रमांक राखीव राहिला आणि आठवा विमाने-जहाजांना मिळाला. प्लेअरलाही आपला प्रदेश ठाऊक असतो. दोन्हींचा मेळ बसला नाही तर चित्रपट सुरू होत नाही. तबकडीत खोट नसते, लेझरही अधू नसतो; दाखवायचे नाही, एवढेच ठरलेले असते. १९८२ पासून विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या सीडीला असली सीमा माहीत नव्हती.

कारण व्यापारी होते. चित्रपट अमेरिकेत आधी आणि इतरत्र काही महिन्यांनी प्रदर्शित होई. जिथे तो थिएटरात लागायचा होता तिथे तबकडी आधी पोहोचू नये, आणि जमल्यास प्रत्येक बाजारात वेगळी किंमत लावता यावी, हा हिशेब. विकणाऱ्याच्या बाजूने तो समजण्यासारखा आहे. घेणाऱ्याच्या बाजूने मात्र एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. रीतसर पैसे मोजून घेतलेली वस्तू चालत नसेल, तर ती त्याच्या मालकीची आहे म्हणजे नेमके काय आहे?

भारतीय विचारात या प्रश्नाची चर्चा बारकाईने झाली आहे. स्वत्व, म्हणजे मालकी, शास्त्राने निर्माण होते की लोकव्यवहाराने, हा धर्मशास्त्रातला वाद. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने लोकव्यवहाराचा पक्ष घेतला. नैयायिकांनी विचारले की स्वत्व मुळात काय आहे. एक उत्तर असे होते की वस्तूचा मनाला येईल तसा विनियोग करण्याची योग्यता म्हणजे स्वत्व. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने ‘पदार्थतत्त्वनिरूपण’ या ग्रंथात ते फेटाळले. अन्न दुसऱ्याचे असले तरी खाता येतेच. ते निषिद्ध आहे म्हणावे, तर निषेध परस्व, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, घेऊ नये असा आहे, आणि स्वत्व आधी कळल्याशिवाय परस्व कळणार कसे? म्हणून स्वत्व हा विनियोगात न विरघळणारा स्वतंत्र पदार्थ मानला पाहिजे, असे त्याचे म्हणणे.

रघुनाथाचे उदाहरण स्वत्वावाचून होणाऱ्या विनियोगाचे होते. परप्रदेशातली तबकडी नेमके उलटे उदाहरण पुरवते: स्वत्व पुरते आहे, विनियोग नाही. ती विकता येते, मोडता येते, मुलाला वारसाहक्काने देता येते; पाहता मात्र येत नाही. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली तर त्याचा पक्ष बळकट होतो. दानाच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, अशी दानाची शास्त्रीय कल्पना. २००९ साली बराक ओबामांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना पंचवीस अमेरिकी चित्रपटांच्या डीव्हीडी भेट दिल्या, आणि त्या ब्रिटिश प्लेअरवर चालत नसल्याच्या बातम्या तिकडच्या वर्तमानपत्रांत झळकल्या. दान पूर्ण झाले होते. देणाऱ्याने काही राखून ठेवले नव्हते. राखून ठेवणारा तिसराच होता.

यावर विक्रेत्याच्या बाजूने असे म्हणता येईल की तबकडी अटीसह विकली गेली, वेष्टनावर पृथ्वीगोलाचे चिन्ह आणि आकडा छापलेला होता. पण अट मान्य करणारा पहिला ग्राहक असतो. भेट मिळालेल्याने, जुन्या बाजारातून घेणाऱ्याने कसलेच वचन दिलेले नसते, आणि यंत्र त्यालाही तसेच अडवते. कराराचे समर्थन इथे तोकडे पडते.

मग हा निषेध समजावा काय? मीमांसकांच्या मते जे घडण्याचा प्रसंग आहे त्याचाच निषेध होऊ शकतो; निषेध ऐकणारा तो मोडू शकत असला पाहिजे. यंत्र तो प्रसंगच काढून टाकते, त्यामुळे कोणी आज्ञा पाळली असे म्हणता येत नाही, आणि पाळण्याचे श्रेयही कोणाला नाही. संगणकाच्या ड्राइव्हवर मालकाला प्रदेश पाच वेळा बदलता येई, नंतर तो कायमचा गोठे. माणसाने आयुष्यात किती वेळा देश बदलावा हे कारखान्यात ठरणे, हा नियमाचा विचित्रच प्रकार म्हणायचा.

न्यायालयांनाही मनाई आणि यंत्राचा अडथळा यांत भेद करावा लागला. प्लेस्टेशनचे प्रादेशिक कुलूप चुकवणाऱ्या चिपच्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने २००५ साली सोनीविरुद्ध निकाल दिला. ते कुलूप बेकायदा प्रत करणे थांबवत नाही, केलेली प्रत चालवणे थांबवते, असे न्यायालयाला दिसले. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ तांत्रिक कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. हेतू यंत्राला दिसत नाही, कायद्याला विचारात घ्यावा लागतो.

ब्लू-रेने प्रदेश तीनवर आणले आणि भारत ‘सी’मध्ये गेला. २०१६च्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेत प्रदेश-संकेत उरला नाही. तोवर चित्रपट इंटरनेटवरून घरी पोहोचू लागला होता, आणि तिथे प्रदेशाची भिंत पुन्हा आहे. फरक एवढाच की आता वर्गणीदाराच्या हाती वस्तूच येत नाही. त्याला मिळतो तो मुदतीचा, स्थळाने बांधलेला विनियोग. स्वत्व कंपनीकडेच राहते.