गळलेला तुकडा आणि कर्मविपाक

माणसाच्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर दोन जनुके शेजारीशेजारी असतात. एक डोळ्याच्या घडणीसाठी लागते, दुसरे मूत्रपिंडाच्या. पुढे जिच्यापासून गर्भ होणार त्या शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत नेमका हा तुकडा गळला, तर दोन्ही जनुकांची एकेक प्रत एकदमच जाते. बाळ जन्माला येते ते डोळ्यातल्या रंगीत पडद्याशिवाय. नुसती मोठी काळी बाहुली दिसते. पुढच्या काही वर्षांत त्याच्या मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमर ही कर्करोगाची गाठ होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. जननेंद्रियांची घडण आणि बौद्धिक वाढ यांवरही परिणाम होतो. या सगळ्याला मिळून वॅगर सिंड्रोम म्हणतात. १९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विल्म्स ट्यूमरच्या ४४० मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या सहा मुलांच्या डोळ्यांत तो रंगीत पडदा नव्हता. इतक्या दुर्मीळ दोषाचे असे सहा रुग्ण एकाच आजाराच्या नोंदींत सापडणे योगायोगाने शक्य नव्हते. त्यामागचे कारण, म्हणजे हा गळलेला तुकडा, १९७०च्या दशकाच्या अखेरीस हाती लागले.

अशी उदाहरणे बरीच आहेत. तेराव्या गुणसूत्राचा ठरावीक तुकडा गळला तर दृष्टिपटलावर रेटिनोब्लास्टोमा ही गाठ होऊ शकते. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाचा डोळा पांढरा चमकतो, ही तिची सर्वांत ओळखीची खूण. पाचव्याच्या आखूड भुजेचे टोक गळले तर बाळाचे रडणे मांजराच्या ओरडण्यासारखे येते; जेरोम लेज्यून यांनी १९६३ साली त्याचे वर्णन केले. बाविसाव्या गुणसूत्रावरचा सुमारे तीस लाख अक्षरांचा तुकडा गळणे हा या गटातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार असून साधारण चार हजार जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. त्यात हृदयाचे जन्मजात दोष, फाटलेली टाळू, कमी पडणारी प्रतिकारशक्ती आणि रक्तातले कमी कॅल्शियम अशा तक्रारी दिसतात. हा तुकडा नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीत सहसा दिसत नाही. त्यासाठी फिश किंवा मायक्रोॲरे चाचणी करावी लागते.

निदान झाले की आईवडील दोन प्रश्न विचारतात. पहिला उपचाराचा असतो. दुसरा पुण्यातल्या रुग्णालयांत विचारला जातो तसाच खेड्यातल्या ओसरीवरही: हे आमच्याच वाट्याला का आले? वैद्यकाला हा प्रश्न आपला वाटत नाही, म्हणून त्याचे उत्तर बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी देतो. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईने कपाळावर लिहिले ते टळत नाही, असे कोणी म्हणतो. टाळू किंवा ओठ फाटलेला असेल तर बाळंतिणीने ग्रहण पाळले नव्हते, ग्रहणात काहीतरी चिरले, असे ठरते. कोणी पितृदोष काढतो आणि त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी करायला सांगतो. आणि या सर्वांच्या मुळाशी एक वाक्य असते: मागच्या जन्मीचे भोग.

ही समजूत भाबडी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे मोठे शास्त्र उभे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली आला. त्यात पातक आणि प्रायश्चित्त यांच्याबरोबर कर्मविपाकाचे स्वतंत्र विवेचन आहे. कोणत्या पापाने पुढच्या जन्मी कोणता रोग किंवा कोणते व्यंग येते, याच्या याद्या स्मृतींत आणि नंतरच्या निबंधग्रंथांत दिलेल्या आहेत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायानुसार सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, मद्यपी काळ्या दातांचा होतो, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. काही पाठांनुसार दिवा चोरणारा आंधळा जन्मतो. प्रत्येक पापाला आपली खूण, आणि प्रत्येक खुणेला आपले प्रायश्चित्त.

असे एकास एक नाते सांगितले की ते तपासताही येते, आणि गुणसूत्रांच्या अभ्यासात ते टिकत नाही. वॅगर सिंड्रोममध्ये डोळा आणि मूत्रपिंड एकत्र बिघडतात, ते त्या दोन अवयवांच्या पापांत काही साम्य आहे म्हणून नव्हे, तर त्यांची जनुके एकाच भुजेवर शेजारी आहेत म्हणून. तुकडा थोडा आखूड गळला आणि मूत्रपिंडाचे जनुक शाबूत राहिले, तर डोळ्याचा दोष तोच राहतो पण गाठीची भीती उरत नाही. पंधराव्या गुणसूत्राचे उदाहरण याहून बोलके आहे. तोच तुकडा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रातून गळला तर प्राडर-विली सिंड्रोम होतो: जन्मतः ढिले स्नायू, आणि पुढे कधीच न शमणारी भूक. आईकडून आलेल्या गुणसूत्रातून गळला तर एंजलमन सिंड्रोम होतो, ज्यात बोलणे जवळजवळ येत नाही, फिट्स येतात आणि मूल सतत हसरे असते. हानी तीच असली तरी आयुष्ये अगदी वेगळी होतात, आणि कोणते वाट्याला यावे हे ठरते ते गुणसूत्र कोणाकडून आले यावर.

आयुर्वेदाने हा प्रश्न धर्मशास्त्रापेक्षा वेगळ्या अंगाने हाताळला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे की बीजातला जो भाग बिघडतो त्या भागापासून होणारा अवयव विकृत होतो, बाकीचे नाही. ही गुणसूत्रांची पूर्वसूचना होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चरकाला पेशीही ठाऊक नव्हती. पण पूर्ण शरीराचा दोष आणि बीजाच्या एका अंशाचा दोष यांत त्याने केलेला फरक महत्त्वाचा आहे. विकृतीची कारणे सांगताना चरक पूर्वकर्माचे नाव घेतो, मात्र ते बीज, गर्भाशय, काळ आणि मातेचा आहारविहार यांच्या ओळीतले एक म्हणून. इथे कर्म सर्व कारणांच्या वर बसलेले नाही.

मग कर्माला एवढे वरचे स्थान का मिळाले? त्याचे उत्तर ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जग ईश्वराने निर्माण केले असेल तर एक जन्मतः सुखी आणि एक जन्मतः दुःखी का? ईश्वर पक्षपाती आहे की निर्दय? शंकराचार्यांचे भाष्य सांगते की तो दोन्ही नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्माला अनुसरून फळ देतो. पाऊस सर्वांवर सारखा पडतो, भात की जव हे बीजावर ठरते. पहिल्या जन्मी कर्म कुठून आले, या शंकेला संसार अनादि आहे असे उत्तर दिले जाते. ही मांडणी आईवडिलांना दोषी ठरवण्यासाठी केलेली नाही, ईश्वराला निर्दोष ठरवण्यासाठी केलेली आहे. तिची तात्त्विक ताकद तेवढ्यापुरती मान्य करायला हवी. जगात अन्याय नाही असे ज्याला धरून चालायचे आहे, त्याला तान्ह्या बाळाच्या कर्करोगासमोर दुसरा मार्ग फारसा उरत नाही.

हाच पेच इतर धर्मांतही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप याने केले की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही नाकारतो. पाली संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते का. बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम वर्तन, बाहेरचा आघात आणि कर्म अशी आठ कारणे सांगतो, आणि सगळे पूर्वकर्मावर ढकलणाऱ्यांना चुकीचे ठरवतो. 

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा थेट आनुवंशिकतेशी जोडला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांचा युक्तिवाद असा आहे: विज्ञानाप्रमाणे मूल आईवडिलांचे गुण घेते, पूर्वकर्माच्या सिद्धांताप्रमाणे मूल आपला वारसा स्वतःच घेऊन येते, आईवडील शरीरापलीकडे काही देत नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरे धरता येणार नाहीत. दुःख पूर्वकर्माचे मानले की समाजावर आणि राज्यावर काही जबाबदारी उरत नाही, हा त्यांचा दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे.

कर्मवादी याला एक उत्तर देऊ शकतो: गुणसूत्र हे साधन आहे, त्यामागचे कारण कर्मच. नेमक्या त्याच अंडपेशीतून हा जीव का जन्मला, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते खरे आहे. पण या उत्तराची किंमत मोठी आहे. कोणत्याही घटनेनंतर जे म्हणता येते, त्याने कोणत्याही घटनेबद्दल काही कळत नाही. शिवाय याच सिद्धांताप्रमाणे प्रारब्ध ज्याचे त्याचे असते. मग मुलाचे प्रारब्ध सांगून आईला बोल लावायला शास्त्रात आधारच नाही. घरोघरी मात्र बोल तिलाच लागतो.

त्या बोलाला निसर्गातही आधार नाही. रेटिनोब्लास्टोमाच्या जनुकातला नव्याने झालेला आनुवंशिक बदल बहुतेक वेळा वडिलांकडून आलेल्या प्रतीत आढळतो. पाचव्या गुणसूत्राचा गळलेला तुकडाही बहुधा त्यांच्याकडचा असतो. बाविसाव्या गुणसूत्राच्या त्या भागात एकसारख्या मजकुराचे लांब पट्टे आहेत. जोडीची गुणसूत्रे एकमेकांशी तुकडे बदलतात तेव्हा ती या पट्ट्यांमुळे चुकीच्या जागी जुळतात आणि मधला भाग गळतो. स्त्रीच्या अंडपेशींत ही अदलाबदल ती स्वतः आपल्या आईच्या गर्भात असतानाच होऊन गेलेली असते. म्हणजे दोष आईकडून आला असला, तरी तो तिच्या स्वतःच्या जन्माआधीचा. तिने गरोदरपणात ग्रहण पाळले की नाही, याचा त्याच्याशी संबंध असू शकत नाही. बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळण्याचे सुमारे नव्वद टक्के प्रसंग नव्यानेच घडलेले असतात. आईवडील दोघांचीही गुणसूत्रे धड असतात.

नियतीच्या कल्पनेला आणखी एक धक्का १९७१ साली बसला. ह्यूस्टनच्या आल्फ्रेड नडसन यांनी रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले की गाठ व्हायला एकाच पेशीवर दोन आघात व्हावे लागतात. आनुवंशिक प्रकारात जन्मतः आलेला दोष हा पहिला. दुसरा पुढे वाढत्या दृष्टिपटलातल्या एखाद्या पेशीत होतो किंवा होत नाही. म्हणून पहिला आघात सारखाच असलेल्या दोन भावंडांपैकी एकाच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होतात, तर दुसऱ्याचे डोळे क्वचित शाबूतही राहतात. जन्मतः लिहिलेल्यालाही पुढे वाव असतो. घटना कार्यकारणाने बांधलेली आहे, तरी ती कोणाला उद्देशून नाही. या अर्थाने तिला कारण आहे आणि अपराधी नाही. धर्मचिंतनाला पचवायला सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे, आणि तीच सर्वांत दिलासा देणारीही आहे.

परंपरेतच याला जवळचा एक धागा सापडतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्याच्या दहाव्या प्रकरणाचे नाव 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे आहे. जे भोगायला सुरुवात झाली ते आणि जे अजून सुरू झालेले नाही ते, असा भेद टिळक तिथे महत्त्वाचा मानतात, आणि कर्माचे बंधन मान्य करूनही माणसाला प्रयत्नाचे स्वातंत्र्य आहे, असे ठामपणे मांडतात. ज्यांचा कर्मावर विश्वास आहे त्यांच्यासाठी यातून निघणारे कर्तव्य स्पष्ट आहे: झाल्या गोष्टीचा हिशेब मागण्यापेक्षा पुढे काय करायचे ते पाहणे. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाला धीर देण्यापुरता कोणी वापरला तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या मुलाबद्दल तो निर्णय म्हणून उच्चारला जातो, तेव्हा तो क्रूर होतो.

आज गुणसूत्राचा तुकडा गळण्याचे काही प्रकार गर्भातच कळतात आणि मग प्रश्न पुढच्या कर्माचाच होतो. भारताच्या गर्भपातविषयक कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा राहत नाही. गुणसूत्रे पाहण्याचे तंत्र लिंगही दाखवते, म्हणून महाराष्ट्राने १९८८ सालीच, देशात सर्वांत आधी, त्याच्या वापरावर कायदा केला. जीव ठेवावा की नाही याचे एकच धार्मिक उत्तर नाही. परंतु तो निर्णय लाज, पितृदोष किंवा सासरचा धाक यांच्या दबावाखाली होऊ नये, एवढे सर्व पंथांना मान्य व्हायला हरकत नाही.

दोषारोपाची सर्वांत मोठी किंमत वेळेत मोजावी लागते. रेटिनोब्लास्टोमा लवकर सापडला तर बहुसंख्य मुले वाचतात आणि पुष्कळांची दृष्टीही राखता येते. विधी, नवस आणि शांतीत काही महिने गेले की गाठ डोळ्याबाहेर पसरते. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात रंगीत पडदाच नसेल तर गुणसूत्रांची चाचणी करून घ्यावी, आणि अकराव्या गुणसूत्रावरचा तो तुकडा गळलेला निघाला तर मूल साधारण आठ वर्षांचे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी मूत्रपिंडाची सोनोग्राफी करावी.